मुलाला बागकामाला लावलं तर मोबाईल सुटेल का?

"मॅडम, याला बागकामाची गोडी लावली तर मोबाईल सुटेल ना?" मुलांच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. शाळाशाळांतून परसबागा झाल्या, सोसायट्यांच्या गच्चीवर वाफे आले, मातीत हात घातला की मुलं निवळतात हेही पालकांच्या कानावर गेलंय. त्यात तथ्य आहे. पण विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा अदलाबदल असते: हातातला फोन काढून घ्यायचा आणि झारी द्यायची. ते जमत नाही. का जमत नाही, ते ओंकारच्या निमित्ताने सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ओंकार सातवीतला. वडिलांची नोकरी बदलली म्हणून कुटुंब चिपळूणहून ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये आलं. अंगणाच्या जागी नवव्या मजल्यावरची गॅलरी. आईची तक्रार: शाळेतून आला की फोन, जेवताना फोन, रात्री पांघरुणात फोन. वडील तर 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान घरूनच करून आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११, २०२२ पासून लागू) तो आजार आहे खरा, पण त्याचे निकष कडक आहेत. खेळावर ताबा न उरणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान डोळ्यांना दिसत असूनही तो चालू राहणं, आणि हे साधारण वर्षभर. ओंकार शाळेत जात होता, पोटभर जेवत होता, रागावला तर दार आपटत होता. दार तर या वयात सगळेच आपटतात.

त्याच्याशी एकट्याशी बोलले तेव्हा वेगळंच निघालं. गेममध्ये त्याच्या टीममधले चौघं चिपळूणच्या जुन्या वर्गातले. संध्याकाळी सहाला सगळे ऑनलाइन जमतात. नव्या शाळेत डबा खायला सोबत कुणी नाही. "आई म्हणते गेम बंद कर. मग मी बोलू कुणाशी?" याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि घरच्यांनी तर तो प्रश्नच ऐकला नव्हता. त्यांना फक्त गोळीबाराचा आवाज ऐकू यायचा.

दरम्यान घरात बागकाम सुरू झालं होतं. आईने ऑनलाइन महागडा किट मागवला: कुंड्या, कोकोपीट, छोटं खुरपं, इंग्रजीतलं माहितीपत्रक. वडिलांनी नियम काढला, अर्धा तास झाडं तर अर्धा तास फोन. ओंकारने त्यातली पळवाट बरोब्बर शोधली. धडाधड पाणी ओतायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं. तुळशीची मुळं कुजली, मिरचीची पानं पिवळी पडली. झाडं म्हणजे फोनचं तिकीट झालं होतं, आणि तिकिटावर कुणी जीव लावत नाही.

तो सौदा आधी मोडायला सांगितला. झाडांचा आणि फोनचा हिशेब एकमेकांत मिसळायचा नाही. फोनचा प्रश्न मुळात झोपेचा होता, तेव्हा तो झोपेपाशीच सोडवायचा: रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. 'सगळे' म्हटल्यावर वडील चुळबुळले; ऑफिसचे मेसेज येतात म्हणाले. त्यांना सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगितली. तिथे २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. तो भोंगा अख्ख्या गावासाठी होता, एकट्या पोरांसाठी नव्हता. खरं सांगायचं तर या घरात सगळ्यात जास्त भांडणं या एका नियमावरून झाली, आणि ओंकारपेक्षा वडिलांशीच जास्त झाली.

दुसरी गोष्ट, एकच झाड, आणि ते ओंकारने निवडायचं. "पाणी घातलंस का?" हे वाक्य घरात बंद. मेलं तर मेलं.

त्याने व्हिडिओ कॉलवर चिपळूणला आजोबांना विचारलं. त्यांनी वाळलेल्या दोडक्याचं बी कागदाच्या पुडीत पाठवून दिलं. नवव्या मजल्यावर दोडका! मला स्वतःला मेथी बरी वाटत होती, दोन-तीन दिवसांत उगवते, महिनाभरात भाजी होते. पण निवड त्याची होती, म्हणून गप्प बसले. मोठ्या ग्रो-बॅगेत जूनमध्ये बी पडलं, वेल ग्रीलवर चढला आणि पिवळी फुलं आली. काही फुलांमागे करंगळीएवढा दोडकाही दिसायचा. पण तो पिवळा पडून गळून जायचा. आईला वाटलं खत कमी पडतंय.

कारण ओंकारने शोधलं, मोबाईलवरच. वडील वैतागले, "बघा, परत तेच!" मी म्हटलं, बघू द्या. दोडक्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. जिच्यामागे इवलासा दोडका असतो ती मादी. परागकण पोचले नाहीत तर ते फळ धरत नाही, आणि इतक्या उंचावर कीटक फारसे येत नाहीत. मग ते काम हाताने करावं लागतं: नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. हे करायचं कधी? दोडक्याची फुलं उमलतात संध्याकाळी. म्हणजे नेमकी टीम जमायच्या वेळेला.

"पाच मिनिटं थांबा रे, दोडक्याचं काम आहे," असं त्याने टीमला सांगितलं, आणि पोरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मग एकाने विचारलं, दाखव ना. गेम सुरू व्हायच्या आधी कॅमेरा वेलीकडे वळायला लागला. आजोबांचे फोन वाढले. पहिला दोडका धरला त्याचा फोटो त्याने मलाही पाठवला, सोबत मोजपट्टी ठेवून.

आता काय बदललं आणि काय नाही. झोप सुधारली, पण त्याचं श्रेय दोडक्याला देऊ नका, ते हॉलमधल्या चार्जरचं आहे. चिडचिड बरीच उतरली. गेम तो अजून खेळतो. गणिताचे मार्क आहेत तिथेच आहेत. इमारतीत मित्र अजून झालेला नाही. त्यासाठी वर्गशिक्षिकांशी बोलणं चालू आहे. वेलीने काय दिलं म्हणाल, तर ज्यात त्याला घरातल्या मोठ्यांपेक्षा जास्त कळतं असा एक विषय दिला. आई आता त्याला विचारते, "हे नर ना रे?"

ज्या घरी मूल रात्र-रात्र जागतं, शाळेत जायचंच बंद झालं आहे, फोन काढला की मारहाणीवर येतं किंवा जीव देण्याची भाषा करतं, त्यांनी कुंड्यांच्या नादी लागून वेळ घालवू नये. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनी आधी गॅलरीत ऊन किती येतं ते बघा. पाच-सहा तास असेल तर वेलभाजी, मिरची, टोमॅटो काहीही चालेल. कमी असेल तर पुदिना किंवा अळू. काय लावायचं ते मुलाला ठरवू दे, आणि किट विकत घेण्याआधी गावाकडे कुणाकडे बी आहे का, तेही त्यालाच फोन करून विचारू दे.