कावीळ बी (हिपॅटायटिस बी) निघाली, म्हणून एचआयव्हीची गोळी थांबवायची का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना एचआयव्हीची गोळी तीन वर्षांपासून चालू आहे. परवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर 'कावीळ बी' निघाली. घरचे म्हणतात, लिव्हरवर ताण नको, महिनाभर गोळी बंद ठेवून झाडपाल्याचं औषध घ्या. मला आणि मुलाला धोका आहे का?
– एक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : ताई, गोळी एक दिवसही थांबवू नका. एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून) सध्या बहुतेकांना मिळते त्या एकाच गोळीत तीन औषधं असतात : टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50. डबीवर ही नावं आहेत का ते वाचा. असतील, तर पहिली दोन बी विषाणूलाही दाबून धरतात. म्हणजे काविळीचा उपचार नकळत चालूच आहे. गोळी सुटली की हा विषाणू उसळू शकतो, यकृताला इजा झाल्याचं दाखवणारं एसजीपीटी भराभर चढतं, कधी यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. झाडपाल्यात काय घातलंय हे देणाराही सांगत नाही. त्याच्या नादी लागू नका.

खरी चूक पुढे होते. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं म्हणून टेनोफोव्हिर काढतात आणि बी विषाणूवर एकटं लॅमिव्ह्युडिन उरतं. एकट्याला तो काही काळात दाद देईनासा होतो. म्हणून एआरटीच्या पुस्तकावर 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' (म्हणजे बी विषाणू अंगात आहे) असं ठळक लिहून घ्या आणि गोळी बदलायची वेळ आली तर डॉक्टरांना ते दाखवा. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी आणि जमल्यास बी विषाणूचं प्रमाण, एवढं तपासून घ्या. दारू पूर्ण बंद.

सर्जनलाही गोळीचं सांगा. ऑपरेशननंतर कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध दिलं, तर एचआयव्हीची गोळी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. नाहीतर डोल्युटेग्राव्हिर अंगी लागत नाही.

एका ताटात जेवल्यानं बी पसरत नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरते, तेव्हा निरोध वापरा, वस्तरा आणि ब्रश वेगळे ठेवा. तुमची एचआयव्ही आणि बी दोन्ही तपासणी करा. बी निगेटिव्ह आली आणि आधी लस झालेली नसेल, तर लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी. तुम्हालाही एचआयव्ही असेल, तर दुप्पट मात्रा चार वेळा, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत लस लागू पडल्याची प्रतिपिंडं रक्तात 10 (mIU/mL) किंवा जास्त आली का ते पाहतात. मुलाच्या तायी कार्डावर (आई-बाळाच्या नोंदींच्या कार्डावर) पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे तीन डोस असतील, तर बीची लस त्यातच झाली. तरी एकदा रक्त तपासा.

मिस्टरांची सी काविळीची (हिपॅटायटिस सी) तपासणीही याच वेळी उरका. ती निघाली, तर बहुतेकांना सोफोसबुव्हिर 400 आणि डॅक्लाटॅस्व्हिर 60 अशा रोजच्या गोळ्यांनी 12 आठवड्यांत बरी होते. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आपल्या भागातले पुष्कळजण गोळ्यांसाठी गडहिंग्लज, कोल्हापूर गाठतात. जा, पण आधीच्या केंद्रातून ट्रान्सफरचं पत्र घेऊन आणि डबीत गोळ्या शिल्लक असतानाच.