फेसबुकवरची लिंक दाबली की मध्येच दुसरा पत्ता का चमकतो? आपण कुठं गेलो ते त्यांना कळतं का?

कळतं. पण खापर भलत्याच माणसावर फुटतं, म्हणून लिहायला बसलो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स. विम्याच्या गर्दीत आमचे भाऊजी माझं वायफाय लावून फेसबुक चाळत बसले होते. बॅटरीवरच्या फवारणी पंपाची जाहिरात आली, ती त्यांनी दाबली, भाव पाहिला. दुसऱ्या दिवशी पंपवाल्याचा फोन, अन् मोबाइल उघडला की पंपच पंप! पुढं एका तेरवीत, पंगत बसलेली असताना, सगळ्यांदेखत म्हणतात, "याच्या वायफायले लागलो, अन् यानं माहा नंबर इकला!" घरचे जावई, उलट बोलता येत नाही. मी वरण वाढत राहिलो. पण त्यानंतर लोक सेंटरवर आधार कार्ड द्यायलाही कचरू लागले.

आता खरं काय ते ऐका. फेसबुकवरची बाहेरची लिंक थेट उघडत नाही. आधी 'एल.फेसबुक.कॉम' या नाक्यावर नोंद होते, मग पुढं सोडतात. तुम्हाला चमकलेला पत्ता तोच. 2008 पासून हे आहे. फसव्या साइटी अडवायला ठेवलंय म्हणतात, अन् ते खोटं नाही, पण क्लिकही मोजला जातोच. ट्विटरचं (आताच्या एक्सचं) तेच काम 'टी.को' करतं. 2018 पासून फेसबुक लिंकच्या शेवटी 'एफबीसीएलआयडी' (fbclid) नावाचं लांबलचक शेपूट जोडतं. दुकानाच्या साइटवर फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे खबर देणारा छोटासा कोड, बसवलेला असला की तो हे शेपूट वाचतो अन् 'तुमच्याकडून आलेलं गिऱ्हाईक भाव पाहून गेलं' असं परत कळवतो. म्हणून पंप मागं लागतात.

अन् नंबर? 'भाव जाणून घ्या'च्या फॉर्ममध्ये भाऊजींनी स्वतःच्या बोटानं टाकला होता. वायफायवाल्याला फार तर साइटचं नाव दिसतं; कुलूपवाल्या, म्हणजे पत्त्यात 'https' असलेल्या साइटवर काय टाइप केलं ते दिसत नाही.

लिंक पुढं पाठवताना ते शेपूट तेवढं खोडा, लिंक तशीही चालते. फायरफॉक्समध्ये स्वच्छ लिंक कॉपी करायची सोयच आहे. अर्थात तुम्ही दाबलं तेव्हाची नोंद होऊन गेलेली असते, अन् पिक्सेल शेपटाशिवायही काम करतो, हे धरून चाला.

कोणी 'सेंटरवाल्यानं डाटा विकला' म्हणालं तर त्याला फेसबुकच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या हालचालींची यादी उघडायला लावा. कोणत्या दुकानानं तुमची खबर फेसबुकला दिली, ते तिथं नावानिशी असतं. भाऊजींना ती दाखवायला मी कधीचा तयार आहे, पण ते फोनच हातात देत नाहीत.