आधी माणसापाशी थांब

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

कार्सन मॅकलर्स या अमेरिकी लेखिकेची ‘द हार्ट इज अ लोन्ली हंटर’ ही कादंबरी अर्ध्यावर ठेवलीस आणि विचारलेस, यात नायक कोण आणि या माणसांचा परस्परांशी संबंध काय? हा प्रश्न तुझा नाही, परीक्षांनी तो तुझ्या तोंडी घातला आहे, म्हणून मला वाईट वाटले.

संबंध राहू दे. आधी माणसापाशी थांब. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील गिरणीगावात रात्रभर उपाहारगृह उघडे ठेवणारा बिफ ब्रॅनन, संगीताने झपाटलेली किशोरवयीन मिक, दारूच्या भरात मजुरांना जागे करू पाहणारा जेक ब्लाउंट आणि आपल्या कृष्णवर्णीय समाजासाठी झिजताना पोटच्या मुलांना दुरावलेले डॉक्टर कोपलंड, हे चौघे मूकबधिर जॉन सिंगरपाशी एकेकटे येऊन मन मोकळे करतात. आणि सिंगरचे चित्त मात्र दूरच्या मनोरुग्णालयातील आपल्या मित्राकडे लागलेले असते. एकदा चौघेही एकाच वेळी त्याच्या खोलीत येतात. तुला हवी असलेली गाठ इथे पडायला हवी. पण सारे अवघडतात, जे काही बोलतात ते सिंगरशीच. जो तोवर प्रत्येकापाशी थांबलेला नाही, त्याला हे प्रकरण रिकामे वाटेल. जो थांबला आहे, त्याला ते अवघडलेपण सोसवत नाही.

ही कादंबरी 1940 साली आली, तेव्हा लेखिका 23 वर्षांची होती. पहिल्याच पुस्तकात तिने एवढा धीर धरला, मग तुला घाई कसली?

आमच्या वाचनमंडळात मी पहिल्या बैठकीला कथानक सांगू देत नाही, म्हणून अनेकांनी मला हटवादी ठरवले आहे. खुशाल ठरवोत. कथानक आधी कळले की लोक माणसे वाचायची सोडून घटना पडताळत बसतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. चाळिशीपर्यंत मला असे अडवणारे कोणी भेटले नाही, याची खंत आजही जात नाही.

डॉक्टरांची मुलगी पोर्शिया मिकच्या घरी स्वयंपाक करते, हा धागा तुला सापडला, तो ठीक आहे. पण वडिलांच्या करड्या बोलण्याने दुखावली जाऊनही ती त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसते, तिथे तू थांबलास का? तेवढेच प्रकरण पुन्हा वाच आणि मला फक्त पोर्शियाविषयी लिही. गोषवारा पाठवलास तर मी तो वाचणार नाही.

तुझा,
काका