सामंजस्य करार शेवटी करा, आधी खारटपणा मोजायची रीत ठरवा

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या खाजनांवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींवर, बांगलादेश आणि व्हिएतनाममधल्या विद्यापीठांबरोबर संशोधन करायचं आहे, मृदाशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र असे तिन्ही विभाग तयार आहेत, आणि प्राचार्य म्हणतात आधी सामंजस्य करार करून घ्या. तर सुरुवात कुठून करावी? अशा दोन प्रकल्पांत मी होते आणि त्यातला एक फसला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करार सगळ्यात शेवटी करा. सह्या झाल्या की सगळ्यांना काम सुरू झाल्यासारखं वाटतं आणि आपला नेमका प्रश्न काय, हे विचारायचं राहून जातं. प्रश्न असा हवा की तो एका देशात बसून सुचलाच नसता. बांगलादेशाचंच घ्या. १९६०च्या दशकात तिथे किनारपट्टीवर बांधांनी वेढलेली पोल्डरं उभारली. आतली शेती वाचली, पण भरतीबरोबर येणारा गाळ आत पसरायचा थांबला आणि नदीच्या पात्रातच साचू लागला. पात्रं उथळ झाली, पोल्डरांतलं पावसाचं पाणी बाहेर पडेना. शेवटी १९९० मध्ये बील डाकातिया इथे (बील म्हणजे सखल पाणथळ भाग) लोकांनीच बांध कापला. १९९७ मध्ये बील भायना इथेही तेच केलं. तिथे गाळ आत बसून जमीन उंचावली आणि नदी पुन्हा खोल झाली.

आपल्याकडे बांधाला भगदाड पडलं की शेत गेलं म्हणून आपण हळहळतो, आणि तिकडे गावाने तोच बांध स्वतःहून कापला. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की प्रश्न आपोआप उभा राहतो: पाणी आत केव्हा घ्यायचं, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? इथे बांधांची आणि मानशींची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांची, व्यवस्था ‘गावकरी’ ही गावाची संस्था पाहायची, पोर्तुगीज काळात तीच कोमुनिदाद झाली, आता देखभाल कुळांच्या संघांकडे आहे. तिकडे बांध सरकारी. याचं उत्तर मृदाशास्त्राला एकट्याने देता येणार नाही. पोर्तुगीज दप्तरं वाचणारा माणूस लागेल, आणि मानशीच्या मासेमारीची पावणी (लिलाव) कोण घेतो आणि त्याला पाणी कधी हवं असतं, हे गावात बसून समजून घेणाराही लागेल. तुमचे तिन्ही विभाग इथे खरोखरच कामी येतात.

आता खारटपणाचं सांगते, कारण आमचा प्रकल्प फसला तो इथेच. आम्ही मातीचा संपृक्त लगदा करून त्याच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे पर्यायाने खारटपणा, मोजत होतो. सहकारी देशातली प्रयोगशाळा एक भाग माती आणि पाच भाग पाणी घेऊन मोजत होती. दोन्हीकडच्या तक्त्यांत रकान्याचं नाव एकच, ‘ई.सी.’. दुसऱ्या पद्धतीत आकडा कित्येक पटींनी कमी येतो, आणि किती पटींनी ते मातीच्या पोतावर ठरतं. त्यामुळे एकाच गुणकाने सगळं जुळवताही येत नाही. भाताचं उत्पन्न संपृक्त लगद्याच्या हिशेबाने साधारण ३ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर घटू लागतं. ती मर्यादा आम्ही दोघांच्याही आकड्यांना लावली आणि त्यांची शेतं आम्हाला गोडी दिसली! निबंध लिहायला बसलो तेव्हा चूक कळली. तोवर नमुने फेकून दिलेले होते. दोन हंगाम वाया गेले, आणि एका विद्यार्थिनीचं पीएच.डी.चं एक वर्ष. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिल्याच महिन्यात एकाच मातीच्या पुड्या तिन्ही प्रयोगशाळांना पाठवा आणि आकडे जुळतात का ते पाहा. समुद्रशास्त्राचा कोणी असेल तर तो पाण्याची क्षारता हजारी भागांत सांगेल, तेही एका तक्त्यात बसवून घ्या. आणि शेतकरी पाणी जिभेला लावून ‘आता चालेल’ म्हणतो, ते त्याच दिवशी, त्याच जागी नोंदवा. आमच्या दुसऱ्या प्रकल्पातली सगळ्यात उपयोगी नोंद तीच ठरली.

माती किंवा बियाणं बाहेर पाठवण्याआधी २००२चा जैवविविधता कायदा आणि २०२३ची दुरुस्ती वाचा. कोरगुटाचं, म्हणजे खाजनात पिकणाऱ्या खारं पाणी सोसणाऱ्या भाताचं, बी तर त्यात येतंच, पण मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम असेल तर तेही जैविक संसाधन धरले जातात. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीला वेळ लागतो, हे वेळापत्रकात धरा. पैशांसाठी कोबे इथल्या आशिया-पॅसिफिक नेटवर्क फॉर ग्लोबल चेंज रिसर्चकडे पाहा. तुमचे तिन्ही देश त्याचे सदस्य आहेत. परदेशी निधी आपल्याकडे घ्यायचा असेल तर अर्ज करण्याआधी लेखा विभागाला विचारा. परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीपासून अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे गावातल्या संस्थेला वाटा द्यायचा बेत असेल तर तो तिथेच अडेल.

आणि माणसं एकमेकांकडे राहायला जाऊ देत, निदान पंधरा दिवस. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात विहारांत जाऊन राहिले. व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात कोळंबी, अगदी आपल्या खाजनांसारखं. तिथला शेतकरी पाणी केव्हा बदलतो, हे व्हिडिओ बैठकीत कळत नाही.

पाहुण्यांना दोनदा बोलवा: एकदा जूनमध्ये पेरणीला, एकदा कापणीनंतर, मानशीवर जाळी लागतात तेव्हा. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, म्हणजे दारं उघडताना दिसतील. चवथीच्या आठवड्यात मात्र कोणालाच बोलवू नका, बांधावर तुम्हाला एकही माणूस भेटणार नाही. तसंच त्यांच्या तेतच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) आणि ईदच्या दिवसांत आपणही तिकडे जायचं ठरवू नये.