भारतीय फुटबॉल संघाचा पुढचा प्रशिक्षक: माझे मत खालिद जमील यांना का

हे मत जुलै २०२५ अखेरचे, नवा प्रशिक्षक ठरण्याआधीचे आहे. त्या महिन्यात मुख्य प्रशिक्षक मनोलो मार्केस यांनी पद सोडल्यानंतर भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक कोण व्हावा, आणि तो परदेशी असावा की भारतीय, असा मूळ प्रश्न होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १७० अर्ज आले. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने त्यांतून स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्टेफान तारकोविच आणि खालिद जमील अशी तीन नावे पुढे पाठवली होती आणि अंतिम निर्णय तेव्हा महासंघाच्या कार्यकारी समितीच्या हाती होता. या नावांवर आतापर्यंत आलेल्या प्रतिक्रियांत बहुतेकांनी पासपोर्ट पाहून मत दिलेले दिसते. माझे मत खालिद यांना आहे. ऑक्टोबरपर्यंत जे काम उरकायचे आहे, ते या तिघांपैकी त्यांना सर्वांत कमी वेळात जमेल असे मला वाटते. ते भारतीय आहेत, हा माझ्या लेखी जमेचा मुद्दा असला तरी निर्णायक नाही.

काम नेमके काय आहे, ते आधी पाहू. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत आपण हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश यांच्या गटात होतो आणि या गटातून एकच संघ सौदी अरेबियातल्या मुख्य स्पर्धेला जाणार होता. दोन सामन्यांनंतर हाँगकाँग आणि सिंगापूर यांचे प्रत्येकी ४ गुण होते. आपला एक आणि बांगलादेशाचा एक. पुढचे दोन्ही सामने सिंगापूरशी होते, ९ ऑक्टोबर २०२५ ला त्यांच्या मैदानावर आणि १४ ऑक्टोबरला आपल्याकडे. तिथे गुण निसटले तर नोव्हेंबरातला ढाक्याचा सामना आणि मार्च २०२६ मधला हाँगकाँगविरुद्धचा सामना हजेरी लावण्यापुरतेच उरणार होते. क्लबांवर खेळाडू सोडण्याचे बंधन फक्त फिफाने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या दिवसांपुरते (‘विंडो’) असते, त्यामुळे लांबलचक सराव शिबिराची आशा धरण्यात अर्थ नाही. त्यातच महासंघाबरोबरचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपत असल्याने आणि पुढचे काहीच ठरलेले नसल्याने आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) मोसम ११ जुलैपासून थांबवून ठेवला होता. म्हणजे खेळाडू ऑक्टोबरमध्ये कोणत्या तयारीने येतील, याचाही भरवसा नव्हता. अशा वेळी ज्याला आपल्या खेळाडूंची नावे पाठ करण्यापासून सुरुवात करावी लागेल, त्याचे पहिले दोन महिने त्यातच जातील.

यावर कोणीही लगेच विचारेल, आणि ते रास्तच आहे, की मार्केस यांनाही आपली लीग तोंडपाठ होती, मग त्यांचे काय झाले? हैदराबादला २०२१-२२ मध्ये आयएसएलचा करंडक त्यांनीच मिळवून दिला आणि मे २०२५ मध्ये गोव्याला सुपर कपही. तरी राष्ट्रीय संघाबरोबरच्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध, आणि एकूण गोल पाच. मला याची दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे ते वर्षभर दोन खुर्च्यांवर बसले होते. एफसी गोवाचा मोसम आणि देशाचा संघ यांची सांगड घालणे कागदावर सोपे वाटले असेल. प्रत्यक्षात नोव्हेंबरनंतर थेट मार्चमध्ये संघ एकत्र आला. दुसरे कारण त्यांच्या खेळाच्या पद्धतीत आहे. गोलरक्षकापासून छोटे पास देत चेंडू पुढे नेणे रोजच्या सरावाने मुरते, आठवड्याच्या शिबिरात मुरत नाही. शिलाँगला बांगलादेशाविरुद्ध आपल्याच गोलक्षेत्राच्या आसपास झालेल्या चुका आठवा. तो सामना ०-० सुटला, हेच नशीब म्हणायचे.

हाँगकाँगमधल्या १० जूनच्या सामन्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रशिक्षकाच्या आवाक्यात काय असते आणि काय नसते, हे त्यात स्वच्छ दिसले. पूर्वार्धात आशिक कुरुनियनला गोलसमोर अशी संधी मिळाली की चेंडू चौकटीत ठेवला असता तरी पुरे झाले असते. तो बाहेर गेला. उत्तरार्धात बाकावरून उतरलेल्या सुनील छेत्रीलाही साधता आले नाही. मग भरपाई वेळेत गोलरक्षक विशाल कैथ पुढे धावून आला, चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याला लागला आणि स्टेफन परेरा याने पेनल्टीवर सामना संपवला. पहिल्या चुकीचे खापर कोणत्याही प्रशिक्षकावर फोडता येणार नाही. आयएसएलमध्ये चार परदेशी खेळाडू एका वेळी मैदानावर असू शकतात आणि जवळपास प्रत्येक क्लब त्यातली एक जागा आघाडीवीरासाठी राखतो. आपली मुले मग बगलेवर खेळतात किंवा बाकावर बसतात. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावे लागले, त्याचे मूळ हेच. पेप गार्डिओला आले तरी ऑक्टोबरपर्यंत त्यांना नवा आघाडीवीर घडवता येणार नाही. (गार्डिओला आणि शावी यांच्या नावाने आलेले अर्ज बनावट निघाले, हे एव्हाना सर्वांना कळले असेलच. त्या बातमीवर चर्चा रंगवणाऱ्यांत आपल्या फुटबॉलप्रेमींपैकीही बरेच जण होते, म्हणून आठवण करून दिली.)

प्रशिक्षकाच्या हातात उरते ती बचावाची बांधणी, कॉर्नर आणि फ्री किकची तयारी, आणि शेवटच्या दहा मिनिटांत संघ कसा उभा राहतो ते. मार्केस यांच्या काळातल्या पाच गोलांपैकी दोन मुंबईच्या राहुल भेकेचे आहेत, एक मलेशियाविरुद्ध आणि एक मालदीवविरुद्ध, आणि दोन्ही कॉर्नरवर मारलेले हेडर आहेत. ज्या संघाचा बचावपटू आघाडीवीरांपेक्षा जास्त गोल करतो, त्या संघाने आपले बळ कुठे आहे ते ओळखून तसा प्रशिक्षक शोधावा.

आता नावांकडे वळतो. तारकोविच यांचा पूर्वेतिहास तिघांत सर्वांत वजनदार आहे, हे मान्यच करायला हवे. त्यांच्या हाताखाली स्लोव्हाकियाने बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडला हरवून युरो स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि तिथे पोलंडला २-१ असे नमवले. स्पेनकडून पाच गोल खाल्ले, हेही खरे. पुढे किर्गिझस्तानबरोबर त्यांनी आशियाई फुटबॉलही पाहिले. पण भारतीय खेळाडूंशी त्यांची ओळख शून्यापासून सुरू होईल. दोन वर्षांचे काम सोपवायचे असते तर मी त्यांच्या नावाचा गंभीरपणे विचार केला असता. दोन महिन्यांच्या कामासाठी तो जुगार ठरेल.

कॉन्स्टंटाइन यांच्यावर इथे अन्याय होतो आहे, असे मला वाटते. त्यांचा खेळ पाहून झोप येते, ही तक्रार जुनी आहे आणि अगदीच निराधार नाही. पण २००२ साली व्हिएतनाममध्ये जाऊन एलजी कप जिंकणारा संघ त्यांचाच होता. २०१५ मध्ये ते दुसऱ्यांदा आले तेव्हा आपण फिफाच्या क्रमवारीत १७० च्याही खाली घसरलो होतो आणि २०१७ मध्ये ९६ वर होतो. संदेश झिंगनला राष्ट्रीय संघात पहिली संधी त्यांनीच दिली. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ असे हरवल्यावर बहारीनविरुद्ध नव्वद मिनिटे ०-० रोखून धरले असताना भरपाई वेळेत प्रणय हलदरच्या चुकीमुळे बहारीनला पेनल्टी मिळाली, संघ बाहेर पडला आणि कॉन्स्टंटाइन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पुढे पाकिस्तानला विश्वचषक पात्रतेतला पहिलावहिला विजय, कंबोडियाविरुद्ध, त्यांनीच मिळवून दिला. कमकुवत संघ थोड्या वेळात उभा करणे ही त्यांची खासियत आहे. अडचण एवढीच की २०२२-२३ मध्ये ईस्ट बंगालबरोबर ते तळाकडेच राहिले, आणि आजचा राष्ट्रीय संघ त्यांनी सोडला तेव्हाचा राहिलेला नाही; मधली फळी जवळपास संपूर्ण बदलली आहे.

खालिद यांना मुंबईकर प्रेक्षक फार आधीपासून ओळखतात. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला हा मधल्या फळीतला खेळाडू दुखापतींमुळे लवकर थांबला आणि मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. कूपरेजवर त्यांचा संघ पाहणे हा आनंदाचा अनुभव होता, असे मी म्हणणार नाही. दहा जण चेंडूच्या मागे, पुढे एकटा परदेशी खेळाडू, आणि बाजूच्या रेषेवर खालिद सतत येरझारा घालत बचावपटूंना एकेक पाऊल मागेपुढे सरकवताहेत, असे ते सामने असत. पण अत्यंत कमी पैशांत तो संघ वर्षानुवर्षे आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये टिकला. तिथून निघाल्यावर जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारख्या मुंबई एफसीतल्या ओळखीच्या खेळाडूंना बरोबर घेऊन ते ऐझॉलला गेले. आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला आणि मागाहून परत घेतलेला तो क्लब २०१६-१७ चा आय-लीग विजेता ठरला. शेवटच्या दिवशी शिलाँग लाजाँगविरुद्ध पिछाडीवरून १-१ अशी बरोबरी साधून त्यांनी मोहन बागानला मागे टाकले. पुढे मोसमाच्या मध्यात हाती आलेल्या नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी आयएसएलच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले.

या साऱ्यापेक्षा मला आयएसएलमधल्या जमशेदपूर संघाबरोबरचा त्यांचा २०२४-२५ चा मोसम महत्त्वाचा वाटतो. प्लेऑफमध्ये नॉर्थईस्टला शिलाँगमध्ये २-० असे हरवल्यावर त्यांनी उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत मोहन बागानवर २-१ असा विजय मिळवला. कोलकात्यातली परतीची लढत ज्यांनी पाहिली, त्यांना आठवत असेल की लीगमधल्या सर्वांत महागड्या आघाडीला हा संघ किती वेळ थोपवून धरत होता. अखेर एका पेनल्टीनंतर भरपाई वेळेत आपुईयाने बाहेरून मारलेल्या फटक्याने त्यांचा घात केला. बरोबरीत सुटण्याजोगा सामना बरोबरीत सोडवणे आणि एखाद्या कॉर्नरवर तो जिंकणे, हेच सिंगापूरविरुद्ध लागणार आहे.

खालिद यांच्यावरचे आक्षेप मी झटकून टाकत नाही. गोलसमोर बस उभी करणारा, म्हणजे सगळा संघ बचावाला लावणारा प्रशिक्षक घरच्या मैदानावर, जिथे आपल्यालाच हल्ला करावा लागेल, तिथे काय करणार, हा खरा प्रश्न आहे, आणि १४ ऑक्टोबरला तो नक्की समोर येईल. सुपर कपच्या अंतिम सामन्यात मार्केस यांच्याच गोव्याने त्यांना ३-० असे हरवले, तेव्हा पिछाडी भरून काढण्याचा दुसरा आराखडा त्यांच्याकडे दिसला नव्हता. आंतरराष्ट्रीय संघाचा अनुभवही त्यांना तेव्हा नव्हता. तरीही उणिवांची ही यादी आपल्याला आधीपासून माहीत आहे आणि सोबत चांगला सहायक देऊन तिची काही प्रमाणात भरपाई करता येते.

‘भारतीय प्रशिक्षक म्हणजे रहीमसाहेब’ असे म्हणत प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या काळातली १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके पुढे करणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. आशियाचे फुटबॉल तेव्हा वेगळे होते. जवळचा दाखला हवा असेल तर गोव्याच्या दोघांचा घ्या: २०११ मध्ये आर्मांद कुलासो यांच्या वाट्याला काही महिनेच आले, त्यांच्यानंतर सावियो मेदेरा यांनी दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकून दिली, पण काठमांडूतल्या चॅलेंज कपमध्ये गटातले तिन्ही सामने गेल्यावर त्यांचेही पद गेले. तेव्हापासून जुलै २०२५ पर्यंत हे पद कायमस्वरूपी भारतीयाकडे आले नव्हते. स्वस्तातली तात्पुरती सोय म्हणून भारतीय माणूस आणायचा आणि पहिल्या अपयशाला त्याला घरी पाठवायचे, हे पुन्हा होऊ नये. उलट इगोर स्टिमाच यांना पाच वर्षे मिळाली, आशियाई चषकात एकही गोल न करता तिन्ही सामने हरल्यावरही ते राहिले, आणि काढताना महासंघाला ४ लाख डॉलर मोजावे लागले.

म्हणून खालिद यांच्या नियुक्तीबरोबर दोन गोष्टी लेखी ठरायला हव्यात, असे मला वाटते. त्यांनी पहिल्या दिवसापासून जमशेदपूर सोडून पूर्णवेळ राष्ट्रीय संघ पाहावा. मार्केस यांच्यासारखी दुहेरी भूमिका एक महिनाही नको. आणि मूल्यमापन मार्च २०२६ च्या हाँगकाँग सामन्यानंतर व्हावे, ऑक्टोबरातल्या एखाद्या हरलेल्या संध्याकाळी नव्हे. ड्युरँड कप सुरू असताना जमशेदपूर त्यांना सोडायला का-कू करण्याची शक्यता आहे. वाटाघाटी ऑगस्टभर रेंगाळल्या तर माझे दुसरे मत कॉन्स्टंटाइन यांना राहील. तारकोविच यांच्यासारख्या नावाचा विचार पात्रता फेरी संपल्यावर, हाताशी पुरेसा वेळ असताना करावा.