वॉकीटॉकीजवळ खुर्ची आपोआप हलली तर

ताई, गेटवर वॉचमन वॉकीटॉकीवर बोलायला लागला आणि बाबांची पॉवर व्हीलचेअर आपोआप अर्धा फूट पुढे गेली, तेव्हापासून ते खाली उतरायलाच तयार नाहीत, हे वाचून जीव कळवळला. त्यांना आधी सांगा की असं खरंच होऊ शकतं. ‘तुमचाच हात लागला असेल’ असं घरात कोणी म्हणू नये. मी अकरा वर्षं पॉवर चेअरवर आहे. एका सभागृहाच्या दारात एक स्वयंसेवक माझ्या खुर्चीला टेकून वॉकीटॉकीवर बोलला आणि खुर्ची गर्रकन डावीकडे वळली. बेल्ट होता म्हणून पडलो नाही.

जॉयस्टिककडून, म्हणजे खुर्ची चालवायच्या दांड्याकडून, कंट्रोलरला (मोटर आणि ब्रेक चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) जाणारा विजेचा संकेत अगदी बारीक असतो. जवळ जोरदार रेडिओलहरी असल्या की खुर्चीच्या वायरीच अँटेनासारख्या वागतात आणि कंट्रोलरला वाटतं, बसलेल्यानेच जॉयस्टिक ढकलली. क्वचित ब्रेकही सुटतो. उतारावर मला त्याचीच जास्त भीती वाटते. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 1990च्या दशकात अशा तक्रारी तपासल्या आणि 1994मध्ये उत्पादकांना कळवलं की खुर्चीने निदान 20 व्होल्ट प्रति मीटर इतकं क्षेत्र (म्हणजे त्या जागी रेडिओलहरींचा जोर) सहन केलं पाहिजे. आज या चाचण्यांसाठी आयएसओ 7176 या व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग 21 आहे.

आता हा 20चा आकडा बाबांच्या गेटवर आणून बघू. 5 वॅटच्या वॉकीटॉकीचं क्षेत्र ढोबळ हिशोबाने 60 ते 80 सेंटिमीटरवर तेवढं भरतं. अंतर दुप्पट केलं की ते निम्मं होतं. म्हणून वॉचमनदादांना एवढंच सांगा, बाबांची खुर्ची दिसली की दोन मीटर लांब राहून बटण दाबा. मोकळ्या जागेचा हा हिशोब आहे. लोखंडी गेट, लिफ्ट अशा ठिकाणी लहरी परावर्तित होतात, तिथे थोडं आणखी अंतर ठेवा. पोलिसांच्या गाडीवरचा किंवा अग्निशमन दलाचा ट्रान्समीटर याहून जास्त ताकदीचा असतो, त्याच्या अँटेनापासून बरंच लांबून जा.

वायफाय बंद करायची गरज नाही. मोबाइलही वापरू द्या, फक्त तो जॉयस्टिकवर बांधून किंवा तिला चिकटवून ठेवू नका. 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट सोडतो, पण 2जीवर गेलेला फोन 2 वॅटपर्यंत जातो.

खुर्ची पुन्हा हलली तर जागा बघून लगेच पॉवर बंद. पॉवर गेली की ब्रेक आपोआप लागतात, पण झटका बसतो, म्हणून बेल्ट कायम हवा. घाबरून मागचा फ्रीव्हील लीव्हर मात्र कोणी ओढायचा नाही, त्याने ब्रेक सुटतो. खुर्चीत बसताना, उतरताना आणि गेटवर गप्पा मारत थांबलेले असताना पॉवर बंद ठेवायची सवय बाबांना लावा. मी स्वतः हे कधीच चुकवत नाही.

तुम्ही लिहिलंत की गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीला मोबाइल चार्जर जोडून घेतलाय. तो आधी काढा. अशी जास्तीची वायर खुर्चीला लहरींपुढे आणखी कमकुवत करू शकते. शिवाय सैल कनेक्टर किंवा चिरडलेली जॉयस्टिकची केबल यांनीही नेमकं असंच होतं, त्यामुळे सगळा दोष वॉकीटॉकीवर टाकून मोकळे होऊ नका. आणि बाबांना खुर्चीत बसवून, वॉकीटॉकी जवळ नेऊन ‘बघू हलते का’ असा प्रयोग तर अजिबात नको.

कंपनीला लेखीच कळवा: तारीख, वेळ, वॉकीटॉकीचं मॉडेल, तो किती लांब होता, खुर्ची कुठल्या दिशेला किती गेली, उतार होता का. सोबत थेट विचारा की हे मॉडेल किती व्होल्ट प्रति मीटरपर्यंत तपासलंय. तो आकडा माहितीपुस्तिकेतही असू शकतो, मागच्या पानांवर बघा. कंपनीचा माणूस तपासून जाईपर्यंत बाबांना गेटपर्यंत एकटं सोडू नका, पण फिरायला जरूर न्या.