घाटात ट्रेलर ओढताना दिवा लुकलुकला तर

तुमच्या प्रश्नात एक शब्द तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि गोम तिथेच आहे: 'लुकलुकला'. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून युटातल्या मोॲबला निघालात, टर्बो इंजिनाची (म्हणजे जास्त हवा आत दाबून ताकद वाढवणारी) एसयूव्ही, मागे ५,००० पौंडांचा कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची सोय असलेला ट्रेलर. जॉर्जटाउन सोडून आयसेनहॉवर बोगद्याच्या चढाला लागल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकला, गाडी थरथरली, मग दिवा नुसता लागून राहिला. सिल्व्हरथॉर्नला उतरून गाडी बंद-चालू केली तर सगळं ठीक. घरी आल्यावर मित्राने गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून दिला. आता जुलैत पुन्हा जायचंय, तर 'उंचीवर होतंच असं' म्हणून सोडून द्यावं का?

नका सोडू.

तो पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर बहुतेक वेळा दम धरता येतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न बसल्यानेही तो लागतो. गाडी नीट चालत असेल तर हळूहळू मुक्कामाला पोचा, मग बघा. लुकलुकणारा दिवा मात्र आत्ता, या क्षणी काय चाललंय ते सांगतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळते. म्हणून लुकलुकला की लगेच पाय उचलायचा. भार कमी झाला की लुकलुक थांबते, आणि इथेच माणूस फसतो. मीही फसलोय. याच रस्त्यावरच्या वेल पास घाटाच्या चढावर 'वर विश्रांतीची जागा आहे, तिथे थांबू' म्हणत तसाच दामटत गेलो. वर पोचेपर्यंत गाडीत सडक्या अंड्याचा वास आणि खालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. बायको म्हणाली, "मघाशी थांबला असतास तर?" बिल दोन हजार डॉलरांच्या वर गेलं. मूळ दुखणं होतं एक कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग.

मग शहरात गाडी लोण्यासारखी चालते आणि चढावरच का अडखळते? स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला किती व्होल्टेज लागेल हे सिलिंडरमधल्या दाबावर ठरतं. दाब जास्त तितकं व्होल्टेज जास्त. प्लग झिजून फट रुंदावलेली असेल किंवा कॉइलला बारीक तडा असेल, तर रोजच्या धावण्यात ते कसंबसं निभावतं आणि पूर्ण भारावर हात टेकतं. जॉर्जटाउन साधारण ८,५०० फुटांवर, बोगदा ११,१५८ फुटांवर, मध्ये जेमतेम १३ मैल. साधं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं. टर्बो ती तूट भरून काढतो, पण त्यासाठी स्वतः जास्त राबतो आणि जास्त तापतो. म्हणजे उंची दुखणं निर्माण करत नाही, असलेलं उघडं पाडते.

आता एक गोष्ट, जी नवीन आलेल्या आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. कोलोरॅडोत 'रेग्युलर' म्हणून जे पेट्रोल मिळतं ते ८५ ऑक्टेनचं असतं (आकडा जितका मोठा, तितकं इंजिन ठोकण्याची भीती कमी). जुन्या, बिनटर्बोच्या इंजिनांना विरळ हवेत ते चालून जायचं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, बहुधा किमान ८७ लिहिलेलं असेल. ८५ भरून कॅम्पर ओढला की पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं, कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो, ताकद पडते, एक्झॉस्ट आणखी तापतो. डेन्व्हरमधून निघतानाच ८७ किंवा त्यावरचं भरा. गॅलनमागे थोडे सेंट वाचवायची ही जागा नव्हे.

मित्राने भल्यासाठीच केलं, पण कोड पुसताना पुरावाही पुसला. बिघाड झाला त्या क्षणी किती आरपीएम होते, भार किती, कूलंट किती तापलेलं, हे सगळं कॉम्प्युटर कोडसोबत साठवून ठेवतो. पुढच्या वेळी आधी फोटो काढा. १९९६ पासूनच्या इथल्या सगळ्या गाड्यांना स्टिअरिंगखाली सॉकेट असतं, त्यात लावायला कोड वाचणारा वीस-तीस डॉलरांचा रीडर पुरतो. पी ०३०३ आला तर तिसरा सिलिंडर. त्याची कॉइल काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. पुन्हा चढावर नेल्यावर कोड पी ०३०१ झाला तर कॉइल गेली, तिसऱ्यावरच राहिला तर प्लग बघा. हे घरच्या ड्राइव्हवेवर होतं, फक्त इंजिन गार असू द्या.

बाकीचे दिवे थोडक्यात. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद, एक मैलही पुढे नाही. तापमानाचा काटा नुसता चढू लागला असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू (जुलैत हे करताना मुलं शिव्या देतील), उजवी लेन, वेग ताशी ४५ मैलांपर्यंत उतरवा. थांबलात तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, पंखा आणि पंप फिरत राहतात. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर मात्र बंदच करा. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. लहानपणी खंबाटकीत मे महिन्यात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या आठवतात ना? तिथे एकाने घाईने फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलेलं मी पाहिलंय. कोपरापर्यंत भाजला होता. गिअरबॉक्सचं तापमान दिसत असेल तर ओढताना २२० फॅरनहाइटपर्यंत घाबरू नका, २५० कडे जाऊ लागलं तर थांबा. टो/हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सोय) चढाच्या आधीच लावा, म्हणजे गिअर सारखे वर-खाली होत नाहीत. बोगद्यानंतरच्या ७ टक्के उतारावरही तोच ठेवा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा. तिथे ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला चढते रॅम्प बांधलेत, ते उगीच नाहीत.

आणखी एक, कॅम्परची पाण्याची टाकी भरून घाट चढू नका. ४० गॅलन म्हणजे ३३० पौंड. मोॲबजवळ पोचल्यावर भरा.

जुलैच्या आधी प्लग बदलून घ्या, रीडर लावून रिकामा कॅम्पर गोल्डनहून जेनेसीपर्यंत एकदा चढवून आणा आणि घरी येऊन 'पेंडिंग' कोड वाचा, दिवा लागला नसला तरी. काही निघालं तर तो कोड, गाडीचं वर्ष आणि किती मैल चालली आहे, एवढं इथे लिहा.